रिंग लाइट नव्हता, फ्लॅश नव्हता. तरी निजामापासून व्हाइसरॉयपर्यंत सगळे यांच्याकडेच फोटो काढायचे

रील शूट करायचं म्हटलं की आधी रिंग लाइट शोधला जातो. मेकअप आर्टिस्ट असो, लग्नाचा फोटोग्राफर असो की घरात बसून रेसिपी सांगणारी एखादी ताई, गोल लाइट समोर लागतोच.

यात दोन प्रकार येतात. सतत चालू असतो तो रिंग लाइट आणि फोटो निघताना क्षणभर चमकतो तो रिंग फ्लॅश. दोघांचं काम एकच. लेन्सच्या चारही बाजूंनी प्रकाश सरळ चेहऱ्यावर टाकायचा. त्यामुळे नाकाखाली, डोळ्यांखाली सावली पडत नाही, सुरकुत्या भरून निघतात आणि बुबुळात ती ओळखीची गोल चकती दिसते. रिंग फ्लॅश आला 1950च्या दशकात, अमेरिकेत. तोही फॅशनसाठी नाही, तर दातांचे फोटो काढण्यासाठी. तोंडाच्या आत सावली पडली तर डॉक्टरांना काय दिसणार?

पण त्याच्या 70 वर्षं आधी, यातलं काहीच हाताशी नसताना, एक माणूस भारतातले सगळ्यात गाजलेले पोर्ट्रेट काढत होता. आपल्या बीबी का मकबऱ्याचे, दौलताबादच्या किल्ल्याचे आणि वेरूळचे जुने फोटोही त्याच्याच कॅमेऱ्यातून आलेत.

त्यांचं नाव राजा दीनदयाळ.

नकाशे काढणारा फोटोग्राफर झाला

दीनदयाळ यांचा जन्म 1844चा, मेरठजवळच्या सरधना गावातला. घर जैन. शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजात, इंजिनिअरिंगचं. 1866 साली ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम होतं नकाशे काढायचं आणि खर्चाचे अंदाज बांधायचं.

कॅमेरा हातात आला तो 1874च्या आसपास, तिशीत. इंदूर म्हणजे होळकरांचं संस्थान. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना पाठबळ दिलं, इंग्रज अधिकारी सर हेन्री डेली यांनीही दिलं. पुढे 1882 मध्ये सर लेपल ग्रिफिन मध्य भारतातल्या वास्तू बघायला निघाले, तेव्हा फोटो काढायला दीनदयाळ सोबत होते. छंद म्हणून सुरू झालेल्या कामाने शेवटी सरकारी नोकरी सोडायला लावली.

मग ते निजामाकडे कसे आले?

1880च्या दशकाच्या मध्यावर सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर केलं. 1886 मध्ये दीनदयाळ यांनी सिकंदराबादला स्टुडिओ टाकला.

सिकंदराबादच का? कारण ती छावणी होती. लष्करी अधिकारी होते, त्यांची कुटुंबं होती आणि विलायतेत घरी पाठवायला प्रत्येकाला स्वतःचा फोटो हवा होता. फोटोग्राफरसाठी छावणी म्हणजे बांधलेलं गिऱ्हाईक. औरंगाबादची छावणीही त्याच संस्थानातली; इथे हैदराबाद कंटिंजंटचं सैन्य असायचं.

संस्थानाच्या वास्तूंची नोंद करायचं कामही दीनदयाळ यांच्याकडे होतं. मकबरा, दौलताबाद, वेरूळचं कैलास लेणं हे सगळं त्यातच टिपलं गेलं.

फ्लॅश नाही, मग चेहरा उजळायचा कसा?

मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर जर्मनीत 1887 मध्ये आली. पण तिने भडका उडायचा, धूर व्हायचा. त्यामुळे स्टुडिओतलं रोजचं काम उजेडावरच चालायचं.

त्या काळच्या स्टुडिओचं छत किंवा एक भिंत काचेची असायची, शक्यतो उत्तरेकडची. आपल्याकडे उत्तरेकडून थेट ऊन जवळपास येत नाही, आभाळाचा मऊ उजेड येतो. काचेखाली पडदे असायचे. ते सरकवून उजेड कुठून आणि किती येऊ द्यायचा ते ठरायचं. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळवंडली, तर त्या बाजूला पांढरं कापड किंवा फळी उभी करायची. आज आपण थर्माकोल धरतो तसंच.

अडचण आणखी एक होती. तेव्हाच्या काचेच्या प्लेटला निळा रंग लगेच कळायचा, लाल जवळपास कळायचाच नाही. लाल पगडी फोटोत काळी यायची, निळं आभाळ पांढरंफटक व्हायचं. आणि आपल्याकडची सावळी, गव्हाळ कातडी असते त्यापेक्षा जास्त गडद दिसायची. म्हणजे भारतीय चेहऱ्याच्या बाबतीत उजेडाचा हिशोब चुकला की नाकडोळे गायबच. उरलंसुरलं काम निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून व्हायचं. त्या काळचा फिल्टरच म्हणा.

सोबतीला एक नवीन गोष्ट होती, कोरडी प्लेट. आधीची ओली प्लेट जागेवर तयार करून सुकायच्या आत वापरावी लागायची. कोरडी प्लेट आधीच तयार मिळायची आणि कमी वेळात फोटो घ्यायची. समोरच्या माणसाला पुतळ्यासारखं बसून राहायची गरज कमी झाली.

एकाच बाजूने आलेल्या मऊ उजेडाने गालाचा उंचवटा कळतो, डोळ्यांची खोली कळते. रिंग लाइट नेमकं हेच पुसतो. जुना पोर्ट्रेट झूम करून बघा. डोळ्यात गोल चकती नसते, असलाच तर खिडकीसारखा एक ठिपका असतो.

पडद्यातल्या बायकांचं काय?

पडदा पाळणाऱ्या बायका परक्या पुरुषासमोर बसणार कशा? यावर दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादला फक्त बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, म्हणजे बाहेरून कुणाची नजर जाणार नाही. चालवायला केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई. उजेडाला वरचं आभाळ मोकळंच होतं.

1894 मध्ये निजामांनी त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. 1896 मध्ये मुंबईत मोठा स्टुडिओ झाला आणि 1897 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या फोटोग्राफर म्हणून नेमणूक. नकाशे काढणाऱ्या कारकुनासाठी हा प्रवास थोडा नव्हता.

पण औरंगाबादचा एक फोटो वेगळा आहे

1899-1900 मध्ये मोठा दुष्काळ पडला, मराठवाड्यातही. निजाम सरकारने लोकांना हाताला काम म्हणून रस्ते बांधायला घेतले. त्या दुष्काळी कामांचे फोटो काढायची जबाबदारीही दीनदयाळ यांच्याकडेच आली. 1895 ते 1902 या काळातल्या त्या फोटोंमध्ये औरंगाबादच्या रस्त्याच्या कामाचा एक फोटो आहे.

इथे काचेचं छत नाही, पडदे नाहीत, पेन्सिलने कुणाचा गाल नीट केलेला नाही. उघड्यावरचा उजेड जसा पडला तसा पडला. हे फोटो सरकारचं काम दाखवायला काढले होते, त्यामुळे मथळ्यात कामाचं नाव आहे, गावाचं नाव आहे. माणसांची नावं नाहीत.

निजामाचा फोटो काढायला दिवसभराचा उजेड राखून ठेवता येत होता. रस्त्यावर खपणाऱ्या माणसाला तेवढा वेळही नव्हता आणि फोटो मागवायची ऐपतही नव्हती. तरी आज आपल्या भागातला कुणाचा खापरपणजोबा कसा दिसत असेल, हे बघायचं तर दरबारी पोर्ट्रेट कामाचे नाहीत. त्यासाठी हाच फोटो बघावा लागतो.

5 जुलै 1905 रोजी दीनदयाळ गेले. त्यांच्या स्टुडिओतल्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. 2006 मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीटही काढलं.

आणि त्यांचा उजेड वापरून बघायचा असेल तर खर्च शून्य आहे. घरातली उत्तरेकडची खिडकी बघा, पांढरा पडदा ओढा, आजीला खिडकीकडे थोडं तिरकं बसवा, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरा आणि फोनवर फोटो काढा. काढून झाला की त्याखाली तिचं पूर्ण नाव आणि तारीख तेवढी लिहून ठेवा.