घरातला कारखाना : दादासाहेब फाळके

प्रतिवर्षीच्या प्रघातास अनुसरून यंदाच्या स्मरणिकेतही एका कर्तृत्ववान पुरुषाचे चरित्र वाचकांस सादर करीत आहोत. निवड करताना एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांत, विशेषतः कळंबा व त्याच्या आसपासच्या नव्या वस्त्यांत, आज घरच्या घरी उद्योग चालू आहेत. कोठे माजघरात शिवणयंत्र आहे, कोठे चटणी-मसाल्याचे डबे भरले जात आहेत, तर कोठे एखादा तरुण संगणकापुढे बसून परगावच्या गिऱ्हाइकाचे काम करीत आहे. अशा घरांत गेल्यावर एक तक्रार हमखास कानी पडते. बाहेर जाऊन केले ते काम, आणि घरात बसून केला तो केवळ वेळ घालविण्याचा चाळा, अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांची, किंबहुना घरातल्याच वडीलधाऱ्यांची समजूत असते. ज्यांना असे बोलणे ऐकावे लागते त्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे. कारण आपल्या देशातील एक प्रचंड उद्योग दादरच्या एका भाड्याच्या बंगल्यात, स्वयंपाकघराच्या आश्रयाने उभा राहिला आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी झाला. वडील संस्कृताचे पंडित होते. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. म्हणून त्यांस १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घालण्यात आले, व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रण, छपाई, साचेकाम अशा नाना विद्या हस्तगत केल्या. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचे दुकान थाटले. परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दोन्ही दगावली आणि दुकानही उठले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे सासरचे नाव सरस्वतीबाई. त्यांच्याविषयी पुढे विस्ताराने लिहावयाचे आहे, कारण त्यांना वगळून हे चरित्र लिहिताच येत नाही.

पुराणवस्तू खात्यातील सरकारी नोकरी फाळके यांनी स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत सोडली व लोणावळ्यास ठसेकामाचा व छपाईचा कारखाना काढला. तोच पुढे दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नावारूपास आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीसही जाऊन आले. धंदा उत्तम चालला असता भागीदारांशी त्यांचे बिनसले, आणि स्वतःच्या हाताने उभारलेल्या छापखान्यातून ते रित्या हाताने बाहेर पडले. त्या वेळी त्यांनी चाळिशी गाठली होती. पदरी मुलेबाळे, मिळकत काही नाही, आणि पुन्हा छपाईच्या धंद्यात पडावयाचे नाही असा हट्ट. आजच्या भाषेत ज्यास बेकारी म्हणतात, ती हीच.

अशा मनःस्थितीत १९१०-११ च्या सुमारास मुंबईतील एका तंबूतल्या चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता, आणि या गृहस्थांच्या मनात राम-कृष्ण चालू लागले. दुसऱ्या खेळास ते पत्नीलाही बरोबर घेऊन गेले. मग वेडच लागले म्हणावयाचे. स्वस्तातले एक लहान यंत्र व काही फिती आणून दिवसा त्यांचा अभ्यास आणि संध्याकाळी चार-पाच तास चित्रपट पाहणे असा क्रम सुरू झाला. झोप नाही, विश्रांती नाही. परिणामी डोळे सुजून दृष्टी गेली. डॉक्टरांच्या उपचाराने व तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने ती सुदैवाने परत आली. घरी बसून काम करणाऱ्याच्या कामाला घड्याळ नसते, ही गोष्ट सोयीची वाटते खरी. परंतु तीच प्रसंगी अंगावर येते. आमच्या ओळखीतही अशी उदाहरणे आहेत. असो.

या कलेचे शिक्षण घेण्यासाठी विलायतेस जाणे भाग होते. आपल्या बारा हजारांच्या विमापत्रांवर दहा हजारांचे कर्ज काढून फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथील एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकाने प्रथम या फंदात न पडण्याचा सल्ला दिला, परंतु त्यांची चिकाटी पाहून सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला सारा कारखाना त्यांस मोकळेपणाने दाखविला. पन्नास पौंडांस विल्यमसन बनावटीचा कॅमेरा विकत घेऊन, कच्ची फिल्म व तिच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून, एप्रिलच्या आरंभी ते परतले.

माल मुंबईस येऊन पोहोचला तेव्हा कारखाना होता कोठे? दादरच्या रस्त्यावर मथुरादास यांचा जो बंगला भाड्याने घेतला होता, तोच कारखाना. विलायतेहून येणारी फिल्म त्या काळी कोरी येत असे. तिच्या दोन्ही कडांना यंत्राने सारख्या अंतरावर भोके पाडल्याखेरीज ती कॅमेऱ्यात चढत नसे. हे काम पूर्ण अंधारात करावे लागे, कारण उजेडाचा एक कवडसा पडला तरी फिल्म वाया जाई. चूक झाली तर दिसत नाही आणि झाल्यावर सुधारता येत नाही, असे हे काम. ते सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. दिवसभराचा संसार आटोपून रात्री अंधाऱ्या खोलीत बोटांच्या स्पर्शाने त्या फिल्मला भोके पाडीत. रसायने मिसळणे, चित्रित फिल्म धुणे, कॅमेऱ्यात फिल्म भरणे ही कामेही त्यांनी आत्मसात केली. स्वयंपाकघराचे रूपांतर प्रयोगशाळेत झाले. ज्या चुलीवर आमटी, तिच्याशेजारीच रसायनांची भांडी, असा तो संसार होता.

भांडवल मात्र संपले होते. कर्ज देणाऱ्यास चित्रपट म्हणजे काय हे ठाऊक नव्हते आणि नुसत्या बोलण्यावर कोणी पैसे देत नसे. तेव्हा फाळके यांनी युक्ती योजिली. वाटाण्याचा दाणा पेरलेल्या कुंडीसमोर कॅमेरा मांडून महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाचे थोडेथोडे चित्रण ते नेमाने करीत राहिले. सारी फीत चालविली तेव्हा मिनिटा-दीड मिनिटात दाण्यातून कोंब फुटून रोप वर आलेले लोकांनी पाहिले. ती पाहून एका परिचित व्यापाऱ्याने कर्ज देण्याचे मान्य केले. उद्योगाची खरी बुद्धी म्हणतात ती आम्हांस येथे दिसते. भांडवलदारापुढे मोठमोठे बेत मांडण्यापेक्षा, जवळ असलेल्या साधनांत, घरच्या अंगणात जे करून दाखविता येईल ते त्यांनी आधी करून दाखविले. तरीही पैसा पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

राजा हरिश्चंद्र या चित्रपटाचे काम त्याच बंगल्याच्या आवारात १९१२ च्या उत्तरार्धात सुरू झाले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. कलावंतिणींनीही नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके महिना पंधरा रुपयांवर तारामती झाले, आणि फाळके यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. सिनेमात काम करणे हलके समजले जाई, म्हणून नटमंडळींना सांगून ठेवले होते की, कोठे काम करता असे कोणी विचारल्यास हरिश्चंद्राच्या कारखान्यात असे सांगावे. कारखाना म्हटले की लोकांचे समाधान होई! वांगणी गावी बाहेरचे चित्रण करावयास मंडळी ढाल-तलवारी घेऊन गेली असता गावकऱ्यांना ती दरोडेखोरांची टोळी वाटली व पोलिसांनी सर्वांना अडकवून ठेवले. फाळके यांनी येऊन कॅमेरा दाखविला तेव्हा कोठे सुटका झाली.

या साऱ्या अवधीत साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. उन्हात चित्रण चाले तेव्हा प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून त्या उभ्या राहत. संध्याकाळी पुन्हा चूल, आणि रात्री अंधारी खोली. आमच्या मते या उद्योगाचा दुसरा भागीदार हाच होता. परंतु कोणत्याही भागीदारीच्या कागदावर त्यांचे नाव चढले नाही, की त्यांच्या श्रमाचा मोबदला कोणत्या खतावणीत पडला नाही. ज्या घरांतून आज उद्योग चालतात तेथील वहीत गृहिणीच्या कामाचे खाते उघडलेले आहे काय, हे वाचकांनी स्वतःच्या घरी पाहावे.

चित्रपट सुमारे तीन हजार सातशे फूट लांबीचा, चार रिळांचा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांना व ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात सर्वसामान्य प्रेक्षकांना तो दाखविण्यात आला. त्यास उत्तम यश मिळाले. त्याच वर्षी फाळके कुटुंबासह नाशिकला गेले व तेथे मोहिनी भस्मासुर आणि सत्यवान सावित्री हे चित्रपट झाले. महायुद्ध सुरू झाल्यावर भांडवल व कच्चा माल दोन्ही आटले, आणि पुन्हा हलाखीचे दिवस आले. १९१७ साली लंका दहनने ते पालटले. त्यात साळुंके यांनी राम व सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या. त्याच्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असे सांगतात. कालिया मर्दन या १९१९ च्या चित्रपटात त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. म्हणजे नाशिकलाही घर आणि कारखाना यांमधील भिंत फारशी जाड नव्हती.

१९१८ च्या आरंभी मुंबईच्या धनिकांच्या भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. पैशाची विवंचना मिटली, पण मनःस्वास्थ्य गेले. भागीदारांना खर्चाचा अंदाज व कामाची मुदत हवी होती. फाळके यांना मनासारखे होईपर्यंत चित्र हातावेगळे करवत नव्हते. त्यांच्या चरित्रकारांचा कल बहुधा भागीदारांस दोष देण्याकडे असतो. आम्हांस तसे सर्वस्वी वाटत नाही. घरात काम चालले होते तोवर कर्ता, कारागीर आणि हिशेबनीस एकच होते. पैसा संपला की कामही आपोआप थांबत असे, आणि तो लगाम पुरेसा होता. दुसऱ्याचा पैसा आला की दुसऱ्यास हिशेब द्यावा लागतो, व ती सवय दादासाहेबांनी कधी लावून घेतली नाही. छापखान्यातही हेच घडले होते. कंपनी सोडून ते काशीस गेले, तेथे रंगभूमी नावाचे नाटक लिहिले. पुढे परत येऊन त्याच कंपनीत काम केले, पुन्हा खटके उडाले.

इकडे कोल्हापुरात वेगळेच घडत होते. राजा हरिश्चंद्राचा वेध आनंदराव व बाबूराव पेंटर या आते-मामे भावंडांना लागला. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या या कारागिरांनी विलायती कॅमेरा विकत न घेता तो स्वतः घडविण्याचा घाट घातला. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने तो कॅमेरा पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री १९२० साली प्रकाशित झाला. दादरच्या बंगल्यात पेटलेली चूल अशा रीतीने आपल्या करवीरापर्यंत येऊन पोहोचली.

आणि खुद्द फाळकेही आले. बोलपटांचा जमाना सुरू होऊन त्यांची विद्या मागे पडली होती. अशा वेळी छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने चालणाऱ्या कोल्हापूर सिनेटोनने त्यांस निमंत्रण दिले. प्रथम त्यांनी नकार दिला, मग ते स्वीकारले. गंगावतरण या चित्रपटास सुमारे दोन वर्षे लागली व अडीच लाखांच्या घरात खर्च झाला. १९३७ साली तो प्रकाशित झाला तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट वर्षांचे होते. बोलपट म्हणून त्यांनी आरंभापासून केलेला हा एकच, आणि अखेरचाही. येथे कारखाना मोठा होता, यंत्रे नवी होती, नोकरचाकर होते. अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडावयाची गरज उरली नव्हती. ती आता कारखान्यातूनच भोके पाडून येई.

कोल्हापूरचे काम संपवून दादासाहेब नाशिकला परतले. शेवटची वर्षे कष्टात व विस्मृतीत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथेच त्यांचे देहावसान झाले. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. राजा हरिश्चंद्राच्या चार रिळांपैकी आज पहिले व शेवटचे एवढीच उपलब्ध असून, तीही १९१३ ची की १९१७ साली पुन्हा चित्रित केलेली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ती जतन केली आहेत.