संत कूर्मदास : पैठण ते लऊळ

पायांविना पंढरीची वारी करणारे भक्तश्रेष्ठ म्हणून संत कूर्मदासांचे नाव वारकरी संप्रदायात आदराने घेतले जाते. त्यांचे चरित्र मुख्यतः महिपतीबुवा ताहराबादकर (१७१५–१७९०) यांच्या ‘भक्तविजय’ या ग्रंथामुळे आपणांस ज्ञात झाले. हा ग्रंथ १७६२ साली पूर्ण झाला. कूर्मदासांच्या कथेत ज्ञानदेव, नामदेव आणि अरणचे सावता माळी हे तिघेही येतात. सावता महाराजांचे निर्वाण १२९५ साली व ज्ञानदेवांची संजीवन समाधी १२९६ साली झाली. त्यावरून कूर्मदासांचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध ठरतो.

कूर्मदास पैठणचे. जन्मतःच त्यांना हात व पाय नव्हते. कूर्म म्हणजे कासव. जमिनीशी अंग घासत पुढे सरकणे एवढीच गती त्यांना लाभली होती. पैठण हे त्या काळी विद्येचे व धर्मशास्त्राचे मोठे पीठ. तेथे एकदा कीर्तनात पंढरीचा महिमा त्यांच्या कानी पडला आणि विठ्ठलदर्शनाची तळमळ लागली. मौखिक परंपरेत हे कीर्तन भानुदास महाराजांचे होते असे सांगतात. परंतु एकनाथांचे पणजोबा भानुदास हे पंधराव्या शतकातील असल्याने कालगणनेत ते बसत नाही. कीर्तनकार कोणीही असोत, श्रोता मात्र घरी परतला नाही. तो पंढरीच्या वाटेला लागला.

येथे भाविकांनी एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे. कूर्मदासांचा निश्चय भावनेच्या भरातला असला तरी त्यांचा प्रवास अविचाराचा नव्हता. कार्तिकी एकादशीस पोहोचावयाचे तर आपणांस किती दिवस लागतील याचा त्यांनी हिशेब मांडला आणि चार महिने आधीच प्रस्थान ठेवले. दिवसाकाठी एक कोस एवढीच मजल. धडधाकट वारकरी जे अंतर न्याहारीपूर्वी तोडतो, त्यासाठी त्यांचा अवघा दिवस जाई. वाटेत ज्या गावी मुक्काम पडे तेथील लोक त्यांच्या मुखी घास घालीत. महिपतीबुवा या अन्नदात्यांची नावे देत नाहीत, आणि कीर्तनातही त्यांच्याविषयी फारसे सांगितले जात नाही. वस्तुतः ज्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, अशा यात्रिकाचे चार महिने याच अनाम गावकऱ्यांनी निभावून नेले. पैठण ते पंढरपूर या वाटेवर घास भरविणारा व रात्रीचा निवारा देणारा कोणी नसता, तर कूर्मदासांचे चरित्र पहिल्याच मुक्कामी संपले असते.

दशमीच्या दिवशी कूर्मदास लऊळ गावी येऊन पोहोचले. पंढरी अजून सात कोस दूर होती आणि एकादशी दुसऱ्याच दिवशी. आयुष्यभर आपली चाल ओळखून असलेल्या या पुरुषाला उरलेला हिशेब क्षणात कळला असेल. चार महिन्यांचे घासणे सोसून शरीरही थकले होते; त्यांच्या पोटाला जखमा झाल्या होत्या असे कीर्तनकार वर्णन करतात. पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांपाशी त्यांनी विठ्ठलाच्या नावे निरोपाचे पत्र दिले. मी येऊ शकत नाही, तरी देवा, तूच येऊन भेट, एवढाच त्याचा आशय. हात नसलेल्याचे पत्र अर्थातच दुसऱ्या कोणाच्या हाताने लिहिलेले असणार.

वारकऱ्यांनी तो निरोप राउळात विठ्ठलाच्या चरणी पोहोचविला. कथा सांगते की देव ज्ञानदेव व नामदेव यांना सोबत घेऊन लऊळकडे निघाले. वाटेत अरण लागले. दोघा भक्तांना थोडे थांबावयास सांगून देव सावता महाराजांच्या मळ्यात शिरले व आपल्या पाठीस दोन चोर लागले आहेत, मला लपव, असे म्हणाले. सावतोबांनी खुरप्याने आपले उदर चिरून देवाला आत लपविले. इकडे नामदेव विरहाने व्याकुळ झाले आणि शोध घेता घेता मळ्यात येऊन पोहोचले. मग सावतोबाही या मंडळींत सामील झाले व सर्वजण मिळून कूर्मदासांच्या भेटीस आले. देवाने त्यांना आलिंगन दिले आणि भक्ताच्या इच्छेनुसार लऊळ येथेच वास केला. अरण हे खरोखरच पंढरपूर व लऊळ यांच्या दरम्यान, मोडनिंबजवळ आहे, हे नकाशा पाहणाऱ्यास सहज दिसते.

या कथेत देवाने कूर्मदासांना हातपाय दिले नाहीत. इतर अनेक संतकथांत व्याधी नाहीशी होते, येथे तसे काही घडत नाही. कूर्मदास जसे होते तसेच राहिले; उरलेले सात कोस मात्र देव स्वतः चालून आला. वारकरी परंपरेतही ज्याला गाभाऱ्यापर्यंत जाणे शक्य नाही, त्याने नामदेव पायरीशी माथा टेकून अथवा दुरून कळसाचे दर्शन घेऊन माघारी फिरले तरी त्याची वारी उणी मानीत नाहीत.

आता तर हा विषय कायद्यानेही स्पष्ट केला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या दिली आहे, तीत धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींचा स्पष्ट उल्लेख आहे. उतरण, कठडा, चाकाची खुर्ची वळेल एवढी रुंद वाट यांची सोय करणे ही केवळ दात्याच्या मर्जीची बाब राहिलेली नाही. देणगीदार मंडळी बहुधा कळस, प्रभावळ किंवा संगमरवरी फरशी यांसाठी देणगी देऊ इच्छितात. त्याच ओल्या गुळगुळीत फरशीवर वृद्धांचा व कुबडी घेऊन चालणाऱ्यांचा पाय घसरतो. खरखरीत दगड व हाताशी एक दांडा त्यांच्या अधिक उपयोगी पडतो. सांधेदुखी, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या यात्रिकांना तर रांगेत मध्येच बसावयास बाक, पिण्याचे पाणी व जवळ शौचालय असले तरी दर्शन साध्य होते.

लऊळ हे गाव सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात असून तेथे संत कूर्मदासांचे मंदिर आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी मुंबई–सोलापूर मार्गावरील कुर्डुवाडी जंक्शन येथे उतरावे. तेथूनच मोडनिंबमार्गे पंढरपूर व मिरजेकडे लोहमार्ग जातो. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशास व त्याच्या एका सोबत्यास शयनयान श्रेणीच्या भाड्यात रेल्वेकडून ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेच्या विहित नमुन्यातील वैद्यकीय दाखला लागतो. तो निघण्याच्या पुष्कळ आधी मिळवून ठेवावा.