कर्मवीर अण्णा : स्वतः कॉलेजात न गेलेल्या माणसानं रयतेसाठी कॉलेज काढलं

२२ सप्टेंबर म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती. शाळांतून फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात. सध्या कॉलेजमध्ये नवीन शैक्षणिक धोरण आलंय. पोरांना गावात जाऊन काम करायचंय आणि त्याचे गुणही मिळणार आहेत. अशा वेळी अण्णांनी हेच काम कसं केलं होतं, ते आठवायला पाहिजे.

अण्णांचा जन्म १८८७ सालचा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. शिकायला कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले म्हणून आंघोळ करून शुद्ध व्हा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. बोर्डिंग सोडावं लागलं, पण माघार घेतली नाही. शाहू महाराजांचा सहवास लाभला. कॉलेजचं शिक्षण मात्र झालं नाही. पुढं साताऱ्यात शिकवण्या केल्या, मग ओगले काच कारखाना आणि किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले. या हिंडण्यात त्यांनी शेतकऱ्याचं घर आतून बघितलं. पोरगं हुशार आहे, पण शाळा लांब आणि खिशात दमडी नाही, ही अडचण त्यांना कुणी अहवालात लिहून दिली नव्हती.

१९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातीधर्माची पोरं एका पंगतीला जेवायची, स्वतःच भाकरी भाजायची, पाणी भरायची, शेतात राबायची. १९२७ ला महात्मा गांधी तिथं आले आणि बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. १९३० ला त्या गेल्या. आज अण्णांचं नाव घेताना त्या माउलीचं नाव मागं पडतं, ते बरोबर नाही.

अण्णा गावात गेले की आधी गावाकडं मागायचे. कुणी मूठभर धान्य द्यायचं, कुणी जागा, कुणी नुसती अंगमेहनत. आता वाटेल, गरिबाकडून काय मागायचं? पण ज्यानं पायलीभर जोंधळा दिला, त्याला ती शाळा आपली वाटायची. मास्तर आला नाही तर तो विचारायला जायचा. संस्थेच्या नावातच रयत आहे, ती उगाच नाही.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडलं. तोपर्यंत कॉलेज म्हणजे पुण्या-मुंबईची, पैसेवाल्याची गोष्ट. अण्णांनी ती कुणब्याच्या पोराच्या हाताला आणून दिली. फी नाही तर काम कर आणि शिक. हीच कमवा आणि शिका योजना. १९५४ ला कराडला गाडगे महाराजांच्या नावानं कॉलेज झालं. पदवी घेणाऱ्या पोराच्या हाताला घट्टे असत, आणि त्याची कुणाला लाज वाटत नसे. उच्च शिक्षणातला हा बदल वरून आदेश येऊन झाला नव्हता.

१९५९ ला पुणे विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं आणि ९ मे रोजी अण्णा गेले. पुढं कमवा आणि शिका योजना विद्यापीठांनी उचलली. २०२१ ला साताऱ्यात त्यांच्या नावाचं विद्यापीठही झालं.

आता थोडं आजचं. मी बारावी शिकलेला शेतकरी. आमच्या गावात एकदा एका कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर आलं. पोरं गुणी होती. गटार साफ केलं, रोपं लावली, फोटो काढले. पण गावाला काय पाहिजे, हे कुणी विचारलंच नाही. आम्हाला माती तपासून पाहिजे होती, विहिरींच्या पाण्याची पातळी कुणीतरी दर महिन्याला लिहून ठेवायला पाहिजे होती. शिबिर उठलं आणि उन्हाळ्यात रोपं वाळली. पाणी घालायला आम्हीपण गेलो नाही, हेही खरं. ती रोपं आमची आहेत असं वाटलंच नाही.

नवीन धोरणात गावच्या कामाला गुण आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण गुण पोराला मिळणार, गावाला काय मिळणार? कॉलेजनं येण्याआधी ग्रामसभेत बसावं. काम गावानं सांगावं, आणि त्यात गावानंही काहीतरी घालावं, जागा, बैलजोडी, निदान दोन वेळची भाकरी. आणि एकदा येऊन न थांबता दरवर्षी त्याच गावात यावं.

यंदा जयंतीला आपल्या तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजनं एवढं ठरवलं तरी पुरे. सरपंच मंडळींनीही वाट बघत बसू नये. गावाची कामं कागदावर लिहून प्राचार्यांकडं घेऊन जावं. अण्णांनी गावाकडं मागितलं होतं, आता गावानं कॉलेजकडं मागायला हरकत नाही.