कल्याणची लेक : डॉ. आनंदीबाई जोशी



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो. मुलगा पुढे काय होणार? मुलीला कुठे घालायचे? उत्तर बहुधा वडिलांकडे तयार असते, चुलते-मामा त्याला दुजोरा देतात, आणि ज्याच्याबद्दल हे सारे चालले आहे ते मूल कोपऱ्यात गप्प बसलेले असते. अशी बैठक पाहिली की मला आपल्याच कल्याणच्या एका मुलीची आठवण होते. तिचे ध्येयही आधी तिचे नव्हते. ते तिच्यावर लादले गेले होते. पुढे ते तिचे स्वतःचे कसे झाले, तेवढेच आज आपल्याला सांगायचे आहे.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी ती जन्मली. नाव यमुना. घराणे एके काळचे जमीनदार, पण वैभव ओसरलेले. कल्याणपर्यंत आगगाडी येऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती, तरी मुलींचे जग उंबरठ्याच्या आतच होते. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टातले कारकून, बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव विक्षिप्त गृहस्थ होते. बायको शिकलीच पाहिजे, हा त्यांचा ध्यास. इतर नवरे बायकोच्या हाती पुस्तक दिसले की रागावत. हे महाशय, ती पुस्तक टाकून स्वयंपाकात रमलेली दिसली की संतापत, हातही उगारीत. त्यांच्या या हट्टामुळे आनंदीबाई शिकल्या हे खरे आहे, म्हणून पुष्कळ लेखक त्यांच्या रागावर पांघरूण घालतात. मला ते पटत नाही. मारून शिकविलेली अक्षरे मुलाला येतात, पण ती का शिकावीत हे त्याला मारून कळत नाही. आनंदीबाईंनाही ते त्या माराने कळले नाही. ते कळण्याचे कारण निराळे होते.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, असे त्या कोवळ्या आईच्या मनाने घेतले. वाचकहो, त्या काळची स्थिती ध्यानात घ्या. हिंदू असो वा मुसलमान, कुलीन घरातली बाई पुरुष डॉक्टरपुढे जात नसे आणि स्त्री डॉक्टर शोधूनही सापडत नसे. बाळंतपण म्हणजे अंधारी खोली, सुईण आणि नशीब. मुंबईत स्त्रियांसाठी कामा हॉस्पिटल उघडले ते १८८६ साली, म्हणजे त्या तान्ह्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. अशी किती मुले गेली आणि किती माता गेल्या, त्यांची कुणी गणती ठेवली नाही. या एका आईने मात्र ठरविले की आपण डॉक्टर व्हायचे.

येथून पुढे अभ्यासासाठी गोपाळरावांना काठी घ्यावी लागली नाही. त्यांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, पुढे थेट बंगाल. जेथे जावे तेथे शिकणाऱ्या बायकोची रस्त्यात टवाळी होई. कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली होती. धर्म बदलावा, अशी अपेक्षा उत्तरातून पुढे आली, आणि ती त्या वेळी दोघांनाही मान्य झाली नाही. पण तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला. १८८० साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो त्यांच्या वाचनात आला. त्यांनी कल्याणच्या या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. नात्याची ना गोत्याची ही बाई पुढे त्यांची मावशी झाली.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर व्याख्यान दिले, तेही इंग्रजीतून. वय अठराही पुरे नव्हते. मी अमेरिकेला का जाते, हा विषय. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे हे त्यांनी सांगितले, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही ठामपणे बजावले. परगावी शिकायला गेले की मुलीचा धर्म आणि रीतभात सुटेल, ही भीती आपल्यातल्या अनेक आईबापांना वाटते. त्यांनी हे व्याख्यान अवश्य आठवावे.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. खर्चासाठी अंगावरचे सोने विकले. नवरा सोबत नव्हता. जवळजवळ दोन महिने समुद्रावर काढून ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात त्यांना प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळाली. तेथेही लुगडे सुटले नाही आणि शाकाहारही सुटला नाही. त्या थंडीत, त्या अन्नावर प्रकृती ढासळू लागली, तरी अभ्यास चालूच राहिला. त्या कॉलेजातले १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशी पोशाखात आहेत : आपल्या आनंदीबाई, जपानची के ओकामी आणि दमास्कसची सबात इस्लामबुली. आमच्या विद्यार्थिनींनी ते जरूर पाहावे. तिघींच्याही चेहऱ्यावर संकोच नाही.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी.ची पदवी मिळाली. परदेशी जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. आता त्यांच्या प्रबंधाचा विषय ऐका : आर्य हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र. शिकण्यासारख्या शंभर गोष्टी समोर असताना ही मुलगी फिरून फिरून त्या बाळंतिणीच्या खोलीकडेच वळली.

कोल्हापूर संस्थानाने त्यांची आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर नेमणूक केली. इथपर्यंतची गोष्ट आपण मुलांना मोठ्या उत्साहाने सांगतो. पुढची सांगताना आवाज खाली येतो. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या तेव्हा क्षयाने अंग पोखरले होते. कोल्हापूरच्या त्या जागेवर त्या कधी रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

एखादा हिशेबी माणूस विचारील, की एवढे करून मिळविले काय? दवाखाना काढला नाही, फीचा एक रुपया घरी आणला नाही. प्रश्न अगदीच चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. गरीब बाप मुलीच्या फीसाठी पैसे काढतो तेव्हा तोही हाच हिशेब मांडत असतो, आणि त्याने तो मांडावाच. मात्र त्याच वहीत एक ओळ मुलीने स्वतः लिहिलेली असावी : हे मी कशासाठी शिकते आहे. आनंदीबाईंच्या बाबतीत ती ओळ गोपाळरावांच्या हस्ताक्षरात नव्हती. ती दहा दिवसांच्या मुलाच्या आईने लिहिली होती.

कोल्हापूरची ती जागा मात्र कायमची रिकामी राहिली नाही. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर नावाची मराठी मुलगी वैद्यक शिकून त्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांची डॉक्टर म्हणून रुजू झाली.