पितरांची वेदी गमावलेला राजा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील आफ्रिका दालनात पितळी फलकांची रांगच मांडलेली आहे. राजे, सरदार, योद्धे आणि पोर्तुगीज व्यापारी यांच्या उठावदार आकृती त्यांवर दिसतात. ‘बेनिन ब्राँझ’ या नावाने ही कला जगभर वाखाणली जाते. मात्र ज्यांच्या वाड्यातून हे वैभव नेण्यात आले, त्या ओबा ओवोनरामवेन यांचे नाव नायजेरियाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते.

ओबा म्हणजे राजा. बेनिनचे राज्य आजच्या नायजेरियाच्या दक्षिण भागात होते. बेनिन नावाच्या शेजारी देशाशी त्याचा संबंध नाही. ओबा अडोलो यांच्या निधनानंतर १८८८ मध्ये त्यांचे पुत्र ओवोनरामवेन गादीवर आले. गादीवर येताच नव्या राजाने दिवंगत पित्याची वेदी उभारावी, हा तेथील राजधर्म. या वेदीवर राजाचे पितळी शिर ठेवायचे, त्यावर कोरीव हस्तिदंत उभे करायचे, भोवती घंटा आणि पितरांना साद घालणारे काष्ठदंड मांडायचे. मेणाचा नमुना वितळवून त्या जागी धातू ओतण्याची विद्या ओतारींच्या ठरावीक घराण्यांत वंशपरंपरेने चालत आली होती. एदो भाषेत आठवण ठेवणे आणि धातूत ओतणे या दोन्हींसाठी एकच शब्दप्रयोग असल्याचे अभ्यासक सांगतात. लिखित बखरी नसलेल्या या राज्याची स्मृती अशी धातूत आणि दंतात जपलेली होती.

ओवोनरामवेन यांचा काळ मात्र बिकट होता. किनाऱ्यावर ब्रिटिशांचा अंमल वाढत होता. पामतेल आणि रबराच्या व्यापारावर त्यांचा डोळा होता. १८९२ मध्ये झालेल्या कराराने बेनिन ब्रिटिश संरक्षणाखाली आल्याचे इंग्रजांनी गृहीत धरले. राजांनी मात्र व्यापारावरील आपले नियंत्रण सोडले नाही. नोव्हेंबर १८९६ मध्ये प्रभारी ब्रिटिश अधिकारी जेम्स फिलिप्स याने त्यांना पदच्युत करण्याची परवानगी लंडनकडे मागितली. राजवाड्यात सापडणाऱ्या हस्तिदंतातून मोहिमेचा खर्च भरून निघेल, असेही त्याने कळवले. उत्तराची वाट न पाहताच तो जानेवारी १८९७ मध्ये बेनिनकडे निघाला. वार्षिक धार्मिक विधी सुरू असल्याने थांबावे, हा राजांचा निरोप त्याने मानला नाही. वाटेत बेनिनच्या सरदारांनी हल्ला चढवला. फिलिप्स मारला गेला, ब्रिटिशांपैकी दोघेच वाचले आणि अनेक आफ्रिकी हमालांचाही बळी गेला. या हल्ल्याला राजांची संमती नव्हती, असे अनेक इतिहासकार मानतात.

सूड घेण्यास विलंब लागला नाही. रिअर अ‍ॅडमिरल हॅरी रॉसन याच्या नेतृत्वाखालील सुमारे १२०० जणांच्या फौजेने १८ फेब्रुवारी १८९७ रोजी राजधानी जिंकली. तीन दिवसांनी लागलेल्या आगीत वाडा व शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. बेनिनमध्ये नरबळी दिले जात, हे खरे. मोहिमेचे समर्थन करताना ब्रिटिशांनी त्यावरच भर दिला. पण वेद्यांवरील शिरे, दंत आणि फलक उचलून नेताना तो युक्तिवाद कामाचा नव्हता. काही वस्तू अधिकाऱ्यांनी वाटून घेतल्या, काही खर्च भरून काढण्यासाठी विकल्या गेल्या. लंडन, बर्लिन, व्हिएन्ना येथील संग्रहालयांत पितरांच्या पूजेची साधने कलावस्तू म्हणून मांडली गेली.

काही महिने रानावनात काढल्यानंतर ओवोनरामवेन ऑगस्टमध्ये शरण आले. सप्टेंबरमध्ये त्यांची रवानगी कलबारला झाली. ‘आयव्ही’ या जहाजावर जे. ए. ग्रीन या आफ्रिकी छायाचित्रकाराने टिपलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात पायांत बेड्या असलेला राजा शांतपणे बसला आहे. मायभूमीचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही. जानेवारी १९१४ मध्ये कलबार येथेच त्यांचे निधन झाले. पित्याची वेदी उभारणाऱ्या या राजाला ती लुटली गेलेली पाहावी लागली.

त्याच वर्षी त्यांचे पुत्र एवेका दुसरे यांना गादी परत मिळाली. ते स्वतः कारागीर होते. त्यांनी वाडा पुन्हा बांधला आणि ओतारी व कोरक्यांच्या संघांना काम दिले. वस्तू गेल्या होत्या, विद्या वाचली. बेनिन शहरातील इगुन रस्त्यावर आजही पितळ ओतले जाते. १९३८ मध्ये मोहिमेतील एका सदस्याच्या मुलाने पोवळ्यांची राजवस्त्रे ओवोनरामवेन यांचे नातू अकेंझुआ दुसरे यांना परत केली. पण १९७७ च्या लागोसमधील आफ्रिकी कला महोत्सवासाठी नायजेरियाने राजमाता इडिया यांचा हस्तिदंती मुखवटा काही काळापुरता मागितला, तेव्हा ब्रिटिश म्युझियमने तो दिला नाही. महोत्सवाचे बोधचिन्ह असलेला मुखवटाच तेथे येऊ शकला नाही.

चित्र पालटायला आणखी चार दशके लागली. जर्मनीने डिसेंबर २०२२ मध्ये २० वस्तू नायजेरियाच्या स्वाधीन केल्या, तर नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत पाठवल्या. या वारशाचे मालक ओबाच, असे नायजेरियाच्या सरकारने २०२३ मध्ये जाहीर केले. आजचे ओबा एवुआरे दुसरे हे ओवोनरामवेन यांचे खापरपणतू. ब्रिटिश म्युझियममध्ये मात्र नऊशेहून अधिक बेनिन वस्तू आहेत आणि १९६३ च्या कायद्याने त्या कायमच्या परत देण्याला अडसर घातला आहे.

संग्रहालय ही शाळाच असते, असे आपण मानतो. मग त्या शाळेत केवळ धातू, शतक आणि शैली शिकवून भागणार नाही. काचेआडचे ते शिर एका मुलाने आपल्या बापाच्या स्मरणार्थ ओतवून घेतले होते, आणि तोफांच्या बळावर ते तेथून उचलले गेले, हेही त्याच पाटीवर लिहावे लागेल. ओवोनरामवेन यांची कहाणी सांगितल्याशिवाय तो धडा पुरा होत नाही.