तोरू दत्त : पदवीशिवाय फ्रेंचची विदुषी

अकरावीला दुसरी भाषा निवडायची वेळ आली की घरोघरी एकच प्रश्न असतो, मार्क कशात जास्त मिळतील? म्हणून बरीच मुलं फ्रेंच घेतात. परीक्षा संपते आणि भाषाही तिथेच सुटते. एखादी परकी भाषा, तिचं साहित्य आणि तिची संस्कृती मनापासून शिकणं म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगायचं असेल तर तोरू दत्त यांचं चरित्र जरूर सांगावं. त्यांची 'अवर कॅज्युअरिना ट्री' ही इंग्रजी कविता अनेक शिक्षकांना माहीत असते. त्यांच्या फ्रेंचच्या अभ्यासाबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

जन्म आणि बालपण

तोरूचा जन्म ४ मार्च १८५६ रोजी कलकत्त्यातील रामबागान येथे झाला. वडील गोविनचंद्र स्वतः कवी होते. अब्जू, अरू आणि तोरू ही त्यांची तीन मुलं. १८६२ मध्ये या कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८६५ मध्ये थोरला भाऊ अब्जू वारला. मुलींचं शिक्षण घरीच चालू होतं. वडील स्वतः लक्ष घालत.

फ्रान्स आणि केंब्रिज

१८६९ मध्ये गोविनचंद्र पत्नी आणि दोन्ही मुलींना घेऊन युरोपला निघाले. त्या काळी बंगाली घरातल्या मुलींनी समुद्र ओलांडणं ही साधी गोष्ट नव्हती. दक्षिण फ्रान्समधील नीस गावी दोघी बहिणी काही महिने शाळेत गेल्या. तोरूच्या आयुष्यातलं शाळेत जाऊन घेतलेलं शिक्षण एवढंच! पण तिथे फ्रेंच तिच्या मनात रुजली. पुढे ती लंडनला असताना जर्मनीबरोबरच्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला, तेव्हा चौदा वर्षांच्या या मुलीने त्याचं दुःख आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. जिची भाषा शिकलो त्या देशाचं सुखदुःखही तिला आपलं वाटू लागलं होतं.

१८७१ मध्ये कुटुंब केंब्रिजला राहायला आलं. तिथे नुकतीच स्त्रियांसाठी उच्च शिक्षणाची व्याख्यानं सुरू झाली होती. दोघी बहिणी ती ऐकायला जात आणि फ्रेंचचा अभ्यास नेटाने पुढे नेत. व्याख्यानं ऐकायची मुभा होती, पण पदवी मिळणार नव्हती. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं.

अभ्यासाची पद्धत

सप्टेंबर १८७३ मध्ये सगळे कलकत्त्याला परतले. पुढच्याच वर्षी क्षयाने अरू गेली. तोरूने कादंबरी लिहायची आणि अरूने तिची चित्रं काढायची, असं दोघींनी ठरवलं होतं. ते राहूनच गेलं.

तोरूने अभ्यास सोडला नाही. अडलेला शब्द ती तसाच ओलांडून पुढे जात नसे, कोशात बघूनच समाधान होई. एखाद्या वाक्याच्या अर्थावरून बापलेकीत वाद झाला की एक रुपयाची पैज लागे, आणि बहुतेक वेळा मुलगीच बरोबर निघे! पालकांनी हा भाग नक्की लक्षात घ्यावा. वडिलांना लेकीकडून हरण्यात कमीपणा वाटत नव्हता.

अठराव्या वर्षी तिने ल्कोंत द लील या फ्रेंच कवीवर 'बेंगॉल मॅगझिन'मध्ये समीक्षालेख लिहिला. भारतीय विषयांवरही कविता लिहिणारा हा कवी. १८७६ मध्ये भवानीपूरच्या एका छापखान्यातून तिचं 'अ शीफ ग्लीन्ड इन फ्रेंच फील्ड्स' हे पुस्तक निघालं. त्यात सुमारे १६५ फ्रेंच कवितांचे इंग्रजी अनुवाद होते, त्यांपैकी आठ अरूचे. शेवटी कवींवर टिपाही होत्या. छपाई साधी, प्रस्तावना नाही. लंडनमध्ये समीक्षक एडमंड गॉस यांच्या हाती ते आलं, तेव्हा त्याचं रूप पाहून त्यांना काहीच अपेक्षा नव्हती. वाचल्यावर मात्र त्यांचं मत पार बदललं.

फ्रेंचच्या नादात तिने आपल्या मातीकडे पाठ फिरवली नाही. त्याच काळात ती वडिलांबरोबर संस्कृत शिकू लागली आणि विष्णुपुराणातील ध्रुवाची कथा तिने इंग्रजी कवितेत आणली. प्राचीन भारतातील स्त्रियांवर फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या क्लारिस बादेर यांच्याशी तिचा पत्रव्यवहार झाला. त्यांचं पुस्तक इंग्रजीत आणायचं तिच्या मनात होतं.

अकाली मृत्यू

३० ऑगस्ट १८७७ रोजी क्षयानेच तोरूचा मृत्यू झाला. वय अवघं एकवीस वर्षं. तिन्ही मुलं गमावलेल्या वडिलांना तिच्या कागदांत एक संपूर्ण फ्रेंच कादंबरी सापडली, 'ल जुर्नाल द मादमोआझेल दार्व्हेर'. रोजनिशीच्या रूपातली ही कादंबरी १८७९ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाली, बादेर यांच्या प्रस्तावनेसह. भारतीय व्यक्तीने फ्रेंचमध्ये लिहिलेली ही पहिली कादंबरी मानली जाते. सावित्री, सीता, प्रल्हाद यांच्यावरच्या कवितांचा संग्रह १८८२ मध्ये आला.

वर्गात सांगताना

कलकत्ता विद्यापीठातून १८८३ मध्ये कादंबिनी आणि चंद्रमुखी बोस पदवीधर झाल्या. तोरूला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पदवीचं दार तिच्यासाठी कधी उघडलंच नाही. तरी विद्यापीठातल्या भाषेच्या विद्यार्थ्याने जे करावं, म्हणजे मूळ साहित्य वाचणं, अनुवाद, समीक्षा आणि शेवटी त्या भाषेत स्वतःचं लेखन, ते सगळं तिने केलं. आज हे दार आपल्या मुलामुलींना उघडं आहे. मुलाने फ्रेंच घेतली असेल तर मार्कांबरोबर एवढंही विचारूया : या महिन्यात त्या भाषेतली एखादी कविता वाचलीस का? आणि जमलंच तर एका शब्दाच्या अर्थावर त्याच्याशी रुपयाची पैज लावूया.