कॉर्व्हॅलिसचा मजूर, चापिंगोचा प्राध्यापक

कॉलेजच्या कँटीनमध्ये 'एम.एस.' हा शब्द दिवसातून किती वेळा ऐकू येतो ते मोजायला बसलात तर चहा थंड होईल! जी.आर.ई., व्हिसा, बँकेचं लोन, कुणाचा तरी चुलतभाऊ कॅलिफोर्नियात... पण शंभरावर वर्षांपूर्वी आपल्याच विदर्भातला एक पोरगा लोनशिवाय अमेरिकेत शिकायला गेला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्याचं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे, गाव वर्धा.

१८५७ च्या गोष्टी ऐकत वाढलेला हा मुलगा लहानपणापासून क्रांतीच्या नादी लागलेला. टिळकांना भेटून आला, मग देश सोडला. आधी जपान आणि तिथून अमेरिका. ते साल १९०६-०७ चं. घरून पैसे येण्याची सोय नव्हती. म्हणजे फी, खोली आणि पोट, तिन्ही स्वतःच्या हातांवर.

मग काय, मिळेल ते काम. हॉटेलात भांडी घासली, शेतावर मजुरी केली. त्या काळात कॅलिफोर्नियात शिकणारी बरीच भारतीय मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत फळं तोडायला जायची आणि हंगामात जमवलेल्या डॉलरवर पुढचं वर्ष काढायची. मला हे वाचताना फार नवल वाटलं नाही. आमच्या वाशिम जिल्ह्यात दिवाळीची सुट्टी आणि सोयाबीनची सोंगणी एकदमच येते. गुत्त्याने सोंगणी करून सेमिस्टरची फी भरणारे दोघंतिघं आमच्या वर्गातही आहेत. फरक एवढाच की ते संध्याकाळी घरी येऊन आईच्या हातची भाकर खातात. खानखोज्यांची आई सातासमुद्रापार होती.

आणि तिथे परिस्थितीही बिकट होती. लाकडाच्या गिरण्यांत पंजाबी मजूर दिवसाला दोन डॉलरच्या आसपास कमवायचे. हे लोक स्वस्तात राबून आपली मजुरी पाडतात, असा गोऱ्या कामगारांचा राग. ४ सप्टेंबर १९०७ रोजी बेलिंगहॅम गावात जमावाने भारतीय मजुरांना त्यांच्या बिछान्यांतून ओढून काढलं, मारलं आणि गावाबाहेर हाकललं. अशा दिवसांत खानखोजे ओरेगॉनमध्ये याच गिरणी कामगारांबरोबर राबले. इथे त्यांची गाठ पंडित काशीराम यांच्याशी पडली. माझं मत विचाराल तर खानखोज्यांचं खरं शिक्षण या गिरणीत झालं. मराठी बोलणारा, पुस्तकं वाचणारा पोरगा आणि दोआब्यातले निवृत्त शिपाई, शेतकरी, एकाच जागी घाम गाळत होते. १९१३ मध्ये जी गदर चळवळ उभी राहिली तिची मुळं अशाच गिरण्यांत आणि मजुरांच्या खोल्यांत आहेत. काशीराम तिचे खजिनदार झाले आणि १९१५ साली फासावर गेले. त्याच वर्षी तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णु गणेश पिंगळेही फासावर गेला. तो तर आपल्यासारखाच अभियांत्रिकीचा विद्यार्थी!

खानखोजे मात्र एकाच वेळी दोन अभ्यास करत होते. सॅन राफेलच्या माउंट तमालपाइस मिलिटरी अकादमीत त्यांनी लष्करी शिक्षण घेतलं आणि कॉर्व्हॅलिसच्या ओरेगॉन कृषी महाविद्यालयात शेतीचं. बंदूक आणि नांगर, दोन्ही. पहिल्या महायुद्धात बंदुकीची पाळी आली. इराणमध्ये ते इंग्रजांविरुद्ध लढले, पकडले गेले, निसटले. या भागावर एक वेगळा लेख होईल, म्हणून पुढे जातो.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले आणि तिथे नांगर कामी आला. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते, त्याच्याशी संकर करून नवे वाण शोधायचे, दुष्काळात आणि थंडीत टिकेल असं पीक काढायचं, हा त्यांचा ध्यास. शिवाय गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. ज्याने स्वतः दुसऱ्याच्या शेतात रोजाने काम केलंय त्याला कोरडवाहू शेतकऱ्याचं दुखणं वेगळं समजावून सांगावं लागत नसणार. दिएगो रिवेरा या प्रख्यात चित्रकाराशी त्यांची चांगली ओळख होती आणि मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या त्याच्या भित्तिचित्रातही ते दिसतात.

इकडे इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव, त्यामुळे परतीची वाट बंद. ती स्वातंत्र्यानंतरच उघडली. १९४९ मध्ये ते भारतात येऊन गेले आणि १९५५ च्या सुमारास बेल्जियन पत्नी आणि दोन मुलींसह नागपूरला राहायला आले. विशीतला पोरगा गेला होता, सत्तरीचा म्हातारा परत आला. जानेवारी १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे मुलगी सावित्री साहनी यांनी त्यांचं चरित्र लिहिलं. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसवण्यात आला. वाशिमपासून वर्धा म्हणाल तर एका दिवसात जाऊन यावं एवढं जवळ, पण मला हे नाव शाळेच्या एकाही पुस्तकात भेटलं नव्हतं.